हिरड्यांच्या उपचारात पैसा चुकीच्या टोकाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिरड्यांतून रक्त येते, पण दुखत नाही; म्हणून माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. चढतो तेव्हा दात हलू लागलेला असतो. तोवर दाताभोवतीचे हाड झिजलेले असते आणि ते नुसत्या साफसफाईने परत भरून येत नाही. फक्त हिरडी सुजलेली असते तोवर नीट ब्रश करणे आणि एकदा स्केलिंग (दातांवरचे किटण काढणे) यावर भागते. खर्च काही शे रुपये. दात गेल्यावर एकेका इम्प्लांटला वीस-पंचवीस हजारांच्या पुढे मोजावे लागतात. या दोन टोकांमधल्या उपचाराचे पैसे कोणी भरायचे, हे आपल्याकडे विचारलेच जात नाही.

हा मधला उपचार असा. मिलिमीटरच्या खुणा असलेला बोथट प्रोब प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीखाली अलगद सरकवतात; २८ दातांची १६८ मापे. तीनपर्यंत ठीक. चार किंवा अधिक खोल आणि रक्त येणारी जागा ब्रशच्या आवाक्याबाहेरची. तिथे भूल देऊन मुळावरचे किटण खरवडायचे आणि साधारण तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचे. गाडी अडते ती इथे. सूज उतरली की फटी दिसतात, किटणाने धरून ठेवलेला दात हलतो आणि ‘सफाईने दात सैल झाले’ म्हणत रुग्ण येणे बंद करतो. दात आधीच सैल होता, हे सुरुवातीला सांगायला दोन मिनिटे लागतात. ती द्यायलाच हवीत. देखभालीच्या फेऱ्या चुकल्या की खोल जागांत जंतूंचा थर पुन्हा बसतो आणि आधीचा खर्च पाण्यात जातो.

जर्मनीने १ जुलै २०२१ पासून सार्वजनिक विम्यात नेमकी हीच देखभाल दोन वर्षांसाठी आणली. आजाराच्या वेगानुसार वर्षातून एकदा, सहा महिन्यांतून एकदा किंवा चार महिन्यांतून एकदा. दिवसाला दहा किंवा अधिक सिगारेटी किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या रक्तातील साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) सात टक्के किंवा जास्त असेल, तर रुग्ण शेवटच्या गटात. पुढे काटकसरीच्या कायद्याने २०२३ व २०२४ साठी दंतवैद्यांच्या मोबदल्यावर मर्यादा आली. आधी सुरू केलेल्या रुग्णांच्या फेऱ्यांनीच ती भरू लागली आणि नवे उपचार घटले. लांबणाऱ्या उपचाराला एका वर्षाची मर्यादा लावली की बाहेर राहतो तो नवा रुग्ण. आपल्याकडे योजना आखताना हे ध्यानात असावे.

आपले बहुतेक आरोग्य विमे दाखल होण्यावर उभे आहेत आणि हा उपचार खुर्चीवरचा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, पण तालुक्यातल्या मजुराला शुल्कापेक्षा बुडालेली रोजंदारी आणि एसटीचे भाडे जड जाते; तेही चार-पाच वेळा.

मधुमेहात याचा हिशेब सर्वांत स्पष्ट आहे. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी सरासरी ०.४३ टक्क्यांनी उतरल्याचे दिसले. याने औषध सुटत नाही, पण ही घट नगण्यही नाही. मात्र हृदयविकाराचा खर्चही वाचतो, हे अमेरिकी विमा कंपन्यांच्या आकड्यांवरून सांगितले जाते, ते जपून घ्यावे: दात जपणारी माणसे एरवीही तब्येत जपतात.

तिशीपुढच्यांची मधुमेह, रक्तदाब आणि मुखकर्करोगाची तपासणी आरोग्य केंद्रांत होतेच. तोंड उघडलेले असते, बॅटरी हातात असते. त्याच वेळी हिरड्या पाहाव्यात, रक्त येते का विचारावे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत रक्तवाहिन्या आकसून रक्त कमी दिसते, म्हणून दात बोटाने हलवूनही पाहावा. साखर जास्त आणि दात हलतो, अशा रुग्णाला पहिला उपचार आणि दोन वर्षांच्या फेऱ्या मोफत मिळाव्यात. फेऱ्या तालुक्याच्या जवळात जवळ दंतवैद्य असलेल्या सरकारी रुग्णालयात, साखर तपासणीच्या दिवशीच, म्हणजे एकच खाडा पडेल.

कळावे,
हिरड्यांवर उपचार करणारे दोन दंतवैद्य, नाशिक