चार्ल्स बर्नला समुद्र मिळायला हवा

महोदय,

लंडनचे हंटेरियन संग्रहालय २०२३ मध्ये पुन्हा खुले झाले, तेव्हा चार्ल्स बर्नचा सांगाडा दर्शनी कपाटातून हलवलेला होता. निर्णय योग्यच, पण अर्धवट. सात फूट सात इंच उंचीचा हा आयरिश तरुण १७८३ मध्ये अवघ्या बाविसाव्या वर्षी वारला. आपला देह शल्यविशारदांच्या हाती लागू नये, समुद्रात सोडावा, अशी त्याची इच्छा होती. शल्यविशारद जॉन हंटरने पैसे मोजून तो मिळवलाच.

हंटरचे वैद्यकावरचे ऋण मोठे आहे, हे मान्य. त्याने जमवलेले हजारो शारीरिक नमुने सरकारने १७९९ मध्ये विकत घेऊन शल्यविशारदांच्या संस्थेकडे सोपवले; हंटेरियन संग्रहालय याच संस्थेचे. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात बरेच नष्ट झाले.

बर्नकडून विज्ञानाला मिळायचे ते मिळाले आहे. १९०९ मध्ये त्याची कवटी उघडली, तेव्हा शरीराची वाढ नियंत्रित करणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीची खूण सापडली. २०११ मध्ये दातांतल्या डीएनएवरून त्यामागचा जनुकदोषही कळला. तरीही संशोधनासाठी म्हणून सांगाडा संस्थेकडेच आहे. हे मला अन्यायाचे वाटते. संस्थेने त्याचे समुद्रात विसर्जन करावे.

– एक वाचक, रत्नागिरी