चूक कबूल करता येते का, ते आधी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सिडकोतून अंबडकडे जाताना हल्ली चौकाचौकात ‘युवा नेतृत्व’वाले फ्लेक्स दिसतात, त्यातली काही पोरं मी लहानपणापासून बघतोय, चांगली आहेत, रात्री दोनला कुणाला सिव्हिलला न्यायचं असलं तरी गाडी काढतात. म्हणूनच तळमळीने लिहितोय. नेते जरूर व्हा रे, पण आधी स्वतःवर काम करा, निदान आपली चूक चार लोकांत कबूल करता येते का एवढं तरी बघा.

मला हे फार उशिरा कळलं. अंबड एमआयडीसीत एका कंपनीत मी सुपरवायझर होतो. सेकंड शिफ्टला सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, ऑफसेट (हत्यार किती सरकवायचं तो आकडा) मीच टाकला, प्लस-मायनसची गडबड झाली, पार्टमधलं भोक ओव्हरसाइज आणि लक्षात येईपर्यंत ४० जॉब, म्हणजे पार्ट, स्क्रॅप. सकाळी मॅनेजरने विचारलं तर माझ्या तोंडून निघून गेलं, ऑपरेटरने टाकला असेल. पोरगा पेठकडचा, नवीनच लागलेला. हातातलं कॉटन वेस्ट चुरगाळत मान खाली घालून उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. त्याला वॉर्निंग लेटर मिळालं. त्याच महिन्यात मी लीडरशिपचं ट्रेनिंग करून आलो होतो, वही भरून लिहून घेतलं होतं, ऐन वेळेला त्यातलं काहीच कामी आलं नाही.

आपल्या दिंडोरी तालुक्यातले दादासाहेब गायकवाड आठवा. २ मार्च १९३० ला दलितांना प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले तेव्हा इथला भार दादासाहेबांनी उचलला, सत्याग्रहींवर दगडफेक झाली, वर्षानुवर्षं लढा चालला आणि दार काही उघडलं नाही. एवढं होऊनही लोकांचा विश्वास उडाला नाही, पुढे १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात त्यांच्या नेतृत्वाखाली लाखो माणसं तुरुंगात गेली. असा विश्वास फ्लेक्स लावून मिळत नाही हो, माणूस जसा आहे तसा लोक रोज बघत असतात.

तर माझं. तीन दिवस घास गोड लागला नाही, बायकोने विचारलं तर तिच्यावरच खेकसलो. चौथ्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर सांगितलं, ऑफसेट मी टाकला होता, याचा काही दोष नाही. पाय लटपटत होते. मॅनेजर माझ्यावर भडकले, ते बरोबरच होतं, लेटर मात्र मागे घेतलं.

मला वाटलं आता पोरं मला विचारणार नाहीत. पण पंधरा-वीस दिवसांनी तोच पोरगा मायक्रोमीटर हातात घेऊन स्वतःहून माझ्याकडे आला, म्हणाला, साहेब, माझ्याकडून दोन जॉब गेले, मशीन थांबवलंय, जरा बघता का.

आपला,
एक निवृत्त कामगार, सिडको, नाशिक