धोंडूताई पस्तिसाव्या वर्षी शिकायला लागल्या नाहीत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ख्याल गायकीतल्या जयपूर-अत्रौली घराण्यावरचा लेख वाचला. घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताई आमोणकर या सगळ्यांवर लेखकाने भरभरून लिहिलं आहे. याच घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णींच्या वाट्याला मात्र एकच ओळ आली. केसरबाईंच्या एकमेव शिष्या, १९६२पासून त्यांच्याकडे तालीम. ओळीत चूक काही नाही. पण धोंडूताईंचा जन्म कोल्हापूरचा, १९२७चा. म्हणजे ही ओळ वाचून कोणालाही वाटेल की बाई पस्तिसाव्या वर्षी गाणं शिकायला लागल्या. मी आयुष्यभर शाळेत संगीत शिकवलं आणि याच घराण्याचं थोडं गाणं माझ्याही वाट्याला आलं, त्यामुळे गप्प बसवेना.

त्यांची तालीम सुरू झाली ती वयाच्या पाचव्या वर्षाच्या आसपास, नत्थन खाँसाहेबांकडे. (आग्रा घराण्याचे नत्थन खाँ वेगळे. हे अल्लादिया खाँसाहेबांचे पुतणे.) वडिलांना गाण्याचं वेड होतं आणि मुलीने गावं ही त्यांची जिद्द होती. कुलीन घरातल्या मुलीने उस्तादांसमोर बसून गाणं शिकायचं आणि चारचौघांत गायचं, हे त्या काळी लोकांच्या पचनी पडणारं नव्हतं. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे, असं ठरवणारा बाप त्या मुलीला मिळाला. लहान वयातच त्या रेडिओवर गाऊ लागल्या. पुढे अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जी खाँ यांच्याकडे तालीम झाली, ती १९५०मध्ये भूर्जी खाँ जाईपर्यंत. त्यानंतर बडोद्याच्या लक्ष्मीबाई जाधव, आणि भूर्जी खाँसाहेबांचे चिरंजीव अझीझुद्दीन खाँ. अझीझुद्दीन खाँ मैफली गाजवणारे नव्हते, पण घराण्यातल्या अनवट, म्हणजे क्वचितच गायल्या जाणाऱ्या, रागांच्या चिजा (बंदिशी) त्यांच्याकडे होत्या.

एवढं सगळं पदरी असलेली, नाव असलेली गायिका पस्तिसाव्या वर्षी कोल्हापूर सोडून मुंबईला येते आणि केसरबाईंपुढे पुन्हा शिष्या म्हणून बसते. केसरबाई १९२१पासून १९४६मध्ये अल्लादिया खाँसाहेब जाईपर्यंत त्यांच्याकडे शिकत होत्या. केसरबाईंचा स्वभाव किती कडक होता हे जुन्या मंडळींना सांगायला नको. आपली विद्या सहजासहजी कोणाच्या ओंजळीत टाकणाऱ्या त्या नव्हत्या. अशा बाईंनी आपली एकच शिष्या मानावी, यातलं मोठेपण मला कमी वाटत नाही. त्याहून मोठं मला वाटतं ते जिथे आपण बऱ्यापैकी पोहोचलो आहोत असं लोक म्हणतात, तिथून उठून पुन्हा 'सा' लावायला बसणं. पस्तिसाव्या वर्षी माझी बी.एड. झाली होती आणि मला सगळं येतं असं मला वाटत होतं.

आता तालीम म्हणजे काय, हे लेखात कुठेच आलं नाही, म्हणून थोडं माझ्या अनुभवातलं. माझ्या बाई याच गायकीच्या, पण नाव नसलेल्या. दोन खोल्यांच्या घरात शिकवायच्या. पहिल्या दिवशी मी वही-पेन्सिल काढली तेव्हा पेन्सिल घेऊन त्यांनी खिडकीत ठेवली. पहिली अस्थाई, म्हणजे चिजेचा पहिला भाग, चार महिने चालली. अंतरा, म्हणजे पुढचा भाग, मागितला की म्हणायच्या, "अस्थाई अजून तुझ्याकडे राहायला आली नाही." गाताना त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर असे. मला वाटायचं मायेने. नंतर कळलं, श्वास घेताना खांदा वर जातो का ते त्या बघत होत्या. या गायकीत आकार, म्हणजे 'आ'वरचं गाणं, तुटता कामा नये. तालाचं आवर्तन भरत भरत समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायचं आणि श्वास कुठे घेतला ते ऐकणाऱ्याला कळता कामा नये. हे कागदावर उतरवून देता येत नाही, रेकॉर्ड ऐकूनही येत नाही. समोर बसून शंभरदा चुकावं लागतं आणि समोरच्याने शंभरदा 'पुन्हा' म्हणावं लागतं.

जोडराग, म्हणजे दोन राग मिळून झालेला राग, तर विचारूच नका. बसंती केदारात कोमल रिषभ-धैवताचा बसंत आणि शुद्ध स्वरांचा, दोन मध्यमांचा केदार एकत्र नांदवायचे असतात. दोन्ही राग येतात म्हणून बसंती केदार येत नाही. एकातून दुसऱ्यात कुठे शिरायचं, ती फट दाखवणारं कोणीतरी लागतं. संपूर्ण मालकंसात रिषभ आणि पंचम येतात, पण ते कसे आणि किती आले म्हणजे मालकंस मोडत नाही, हे ज्याला मिळालं त्यानेच द्यायचं. खट, सावनी, बिहागडा ही रागांची नावं आज मैफलींत ऐकू येतात, कारण मधल्या काळात काही माणसांनी ती जपली आणि हातचं न राखता पुढे दिली. धोंडूताई त्यांतल्या. मुंबईत त्यांनी कित्येक वर्षं शिकवलं. १९९०मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १ जून २०१४ रोजी त्या गेल्या, तेव्हा सत्त्याऐंशी पूर्ण व्हायला जेमतेम दोन महिने उरले होते.

केसरबाईंचा तो भरदार, सभागृह भरून उरणारा आवाज धोंडूताईंकडे नव्हता, हे मी त्यांची चाहती असूनही कबूल करते. केसरबाईंची भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, तसं काही धोंडूताईंच्या वाट्याला आलं नाही. पण गवय्याला मैफलींच्या संख्येवर तोलायची सवय आपल्याला लागली आहे, वर्तमानपत्रांनाही. शिकवणाऱ्याच्या वाट्याला टाळ्या येत नाहीत, त्याच्या शिष्यांच्या वाट्याला येतात. मी तर शाळेत शिकवलं, तिथे स्नेहसंमेलनात मुलं हार्मोनियम सोडून भलत्याच सुरात जातात आणि पालक तरी टाळ्या वाजवतात. तो विषय निराळा.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल लेखात अवाक्षर नाही, ती म्हणजे त्यांची श्रद्धा. धोंडूताई देवावर निष्ठा असलेल्या, लग्न न करता एकच व्रत धरून राहिलेल्या बाई होत्या. आणि त्यांना विद्या दिली ती आधी मुसलमान उस्तादांनी. नत्थन खाँ, भूर्जी खाँ, अझीझुद्दीन खाँ. त्या काळच्या सोवळ्या-ओवळ्याच्या घरातून आलेल्या मुलीने या घराला गुरुघर मानलं आणि आपली देवभक्तीही सोडली नाही. आज या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत असं रोज आपल्या कानावर आदळतं. खाँसाहेबांच्या घराण्यातल्या चिजा ऐका. त्यांत कान्हा आहे, देवी आहे, अल्लाही आहे. गाणाऱ्याने त्यातला कुठलाही शब्द गाळायचा नसतो, चीज मिळाली तशी द्यायची असते. पूजेला बसणारी बाई रियाजाला बसली म्हणजे देवघरातून बाहेर आली, असं मला तरी कधी वाटलं नाही. माझ्या बाई तंबोऱ्याला आधी नमस्कार करायच्या, मग जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, बघायच्या. जवारी नीट लागलेली नसेल तर मात्र नमस्कार बाजूला ठेवून पंधरा मिनिटं दोरा सरकवत बसायच्या आणि तेवढा वेळ आम्ही तोंड उघडायचं नाही.

लेखमालेचा पुढचा भाग येणार आहे असं दिसतं. त्यात धोंडूताईंवर स्वतंत्र मजकूर देता आला तर उत्तमच. ते जमत नसेल तर निदान ती एक ओळ दुरुस्त करून छापा आणि तिच्यात नत्थन खाँ, भूर्जी खाँ, लक्ष्मीबाई जाधव आणि अझीझुद्दीन खाँ ही चार नावं घाला. जागेची अडचण असेल तर माझ्या पत्रातलं बाकी सगळं कापलंत तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका