मागचं चाक वर किती जाईल, हे आधी मोजणाऱ्या मिस्त्री काकांना

मिस्त्री काका,

सप्रेम नमस्कार.

उंची कमी करून घेतलेली माझी मोटरसायकल ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या तुमच्या गॅरेजातून नेली तेव्हा मजुरी चुकती केली, पण आभार मानायचे राहिले. ते असे उघड मानते आहे, कारण जुनी टूरर (लांब पल्ल्याची मोटरसायकल) बाळगणाऱ्या आणि सिग्नलला चवड्यांवर उभं राहणाऱ्या सगळ्यांना तुम्ही काय केलंत ते कळायला हवं.

माझ्या सुझुकी व्ही-स्ट्रॉम 650 ची सीट जमिनीपासून 835 मिलिमीटरवर, वजन 216 किलो. दोन्ही टाचा टेकत नसतील तर उतारावर गाडी वळवताना जीव मुठीत येतो. अशा वेळी बाजारात दोन स्वस्त उपाय सांगतात. पहिला, प्रीलोडची, म्हणजे शॉकअपची स्प्रिंग आधीच किती दाबलेली असावी ते ठरवणारी नॉब पूर्ण सोडायची. गाडी बसते, पण चाकाच्या वर-खाली प्रवासातला मोठा हिस्सा उभ्या उभ्याच संपतो आणि मागे माणूस बसला की पहिल्याच खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतो. दुसरा उपाय म्हणजे मागचं चाक आणि शॉकअप यांना जोडणाऱ्या लिंकेजचे मूळ रॉड कापून, मध्ये तुकडा वेल्ड करून लांब करायचे. हा तर तुम्ही ऐकूनच घेतला नाहीत. गाडीचा मागचा सगळा भार त्या दोन रॉडवर असतो. त्यातला एक सांध्यात तुटला तर गाडी मागून खाली बसते आणि चाक मडगार्डमध्ये अडकतं. हे तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत आणि कामाला लागलात.

या गाडीत रॉड लांब केले की मागची बाजू खाली येते. काही गाड्यांच्या मांडणीत हेच उलटं असतं, तिथे रॉड आखूड करावे लागतात. म्हणून एका गाडीचं माप दुसरीला लावू नये. पण तुमचं खरं ऋण आहे ते पुढच्या गोष्टीसाठी. शॉकअप तोच राहतो, त्याचा दांडा तितकाच आत जातो. म्हणजे गाडी उभी असताना चाक जेवढं वर सरकलं, जवळपास तेवढंच ते पूर्ण दबल्यावरही जास्त वर जाणार. उभ्या गाडीकडे पाहून हे दिसतच नाही. ते कळतं थेट डबल सीट आणि सामान लादून खड्ड्यात गेल्यावर, टायर मडगार्डला घासलं की.

तुम्ही शॉकअप काढलात, दोन्ही बोल्टांमधलं अंतर मोजलंत आणि त्यातून उघड्या दांड्याची लांबी वजा केलीत. शॉकअप तळाला आपटू नये म्हणून दांड्यावर असलेलं बंप रबर दाबलं जातं म्हणून त्याच्या उंचीचा तिसरा हिस्सा आणखी वजा केलात. आलेल्या मापाची लोखंडी पट्टी, दोन भोकं पाडून, शॉकअपच्या जागी बसवलीत. आता चाक कायमचं सगळ्यात वरच्या जागी. तत्पूर्वी, टायर आणि मडगार्डमध्ये फट किती उरते ते कळावं म्हणून, मडगार्डच्या आतून चार ठिकाणी घट्ट मळलेल्या कणकेचे गोळे चिकटवले होते. जास्त भोकं पाडलेल्या चाचणीच्या पट्ट्या रॉडऐवजी लावून मागच्या ॲक्सलपाशी (चाकाच्या मधल्या दांड्यापाशी) 40 मिलिमीटर उतरवून पाहिलं, तर एका गोळ्याची पोळी झाली होती, जेमतेम 3 मिलिमीटर जाडीची. 30 ला तीच 11 मिलिमीटर उरली. नवं टायर आलं की खाच खोल असते, वेगात टायर थोडं फुगतं, चिखल अडकतो. तुम्ही 30 वर थांबलात. मी आणखी उतरवा म्हणत होते, तुम्ही ऐकलं नाहीत, आणि ते बरंच झालं.

पक्के रॉड ईएन-8 पोलादाच्या 10 मिलिमीटर पट्टीचे. दोन्ही पट्ट्या एकत्र आवळून एकाच वेळी भोकं पाडली. डाव्या-उजव्यात केसाइतका फरक पडला तरी लिंकेजचा लिव्हर तिरका ओढला जातो आणि त्याच्या सांध्यातलं निडल बेअरिंग एका बाजूने खाल्लं जातं. बेअरिंगं उघडल्यावर आत कोरडी गंजकट पूड निघाली. लिंकेज मागच्या टायरच्या फवाऱ्यातच असतं, आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा, वर प्रेशर वॉशरचं पाणी सीलमधून आत जातं. बुश बदलून पाण्याला टिकणारं ग्रीस भरलंत, सेल्फ-लॉक नट नवे घेतलेत आणि टॉर्क पान्यानेच आवळलेत.

नुसतं मागून 30 उतरवलं असतं तर 1560 मिलिमीटरच्या व्हीलबेसवर (दोन चाकांमधल्या अंतरावर) गाडी एक अंशाहून जास्त मागे कलली असती. हँडल संथ होतं आणि हेडलाइट 10 मीटरवर 19 सेंटीमीटर वर उडतो. घोडबंदर रोडवर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर रोज तोच. म्हणून पुढच्या फोर्कच्या नळ्या वरच्या क्लॅम्पमधून 15 मिलिमीटर वर काढल्यात, दोन्ही बाजू व्हर्नियरने सारख्या. पुढचं चाक पूर्ण दबल्यावर मडगार्ड आणि रेडिएटर यांत जागा उरते का तेही पाहिलंत. उरलेला कल हेडलाइटच्या स्क्रूने काढला. सीट मात्र 30 ने नाही, साधारण 24 ने उतरली, कारण ती ॲक्सलच्या पुढे आहे. हे आधीच सांगितलंत म्हणून अपेक्षाभंग झाला नाही.

स्टँडचं काम लोक शेवटी आठवतात. साइड स्टँड लांब पडला की गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्यानेही उजवीकडे कलंडते. तुम्ही कापण्याआधी दोन्ही चाकांखाली प्लायचे तुकडे सरकवून कल बरोबर येईपर्यंत पाहिलंत. जेवढी जाडी लागली, त्याच मापाने स्टँड कापला, आत पिन घालून वेल्ड केला. स्विच आणि स्प्रिंग जशीच्या तशी.

साखळी ताणून ठेवायच्या आधी पुढचं स्प्रॉकेट, स्विंग आर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या हाताचा) पिव्हॉट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आणून तिथे ढील उरते का पाहिलीत. साखळी सगळ्यात ताठ होते ती त्याच जागी. शेवटी मला बसवून सॅग, म्हणजे माझ्या वजनाने मागची बाजू किती बसते ते मोजलं. मागच्या चाकाच्या 160 मिलिमीटर प्रवासाच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर, 50 च्या आसपास, तो नॉबने आणलात.

आता बेली, म्हणजे गाडीचं पोट, जमिनीपासून 150 मिलिमीटरच्या खाली आली आहे आणि या गाडीचा ऑइल फिल्टर समोर उघडाच असतो. ठाण्यातले उंच स्पीडब्रेकर डबल सीट घेताना मी तिरकी जाते, तुम्ही बजावलं होतं तसंच.

मूळ रॉड आणि जुने बोल्ट कापडात गुंडाळून, वर माप लिहून परत दिलेत. ते जपून ठेवले आहेत. पाचशे किलोमीटर झाले की नट तपासायला येते.

मनापासून आभार.

आपली,
घोडबंदर रोडवरची गिऱ्हाईक