बाळाची सोनोग्राफी दुसऱ्याच दिवशी उरकू नका : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब, स.न.वि.वि.

माझ्या बहिणीला सातव्या महिन्यात सांगितलं होतं की बाळाच्या डाव्या किडनीला सूज दिसतेय, डिलिव्हरीनंतर परत बघा. डिस्चार्जच्या आधी दुसऱ्याच दिवशी बाळाची सोनोग्राफी उरकली, रिपोर्ट नॉर्मल, आम्ही पेढे वाटून मोकळे. पाच महिन्यांनी पोरीचा ताप उतरेना, आणि अंघोळ घालताना आईच्या हाताला डाव्या कुशीत गोळा लागला. किडनीतून लघवी खाली उतरते तिथेच नळी अरुंद, पीयूजे ऑब्स्ट्रक्शन म्हणतात त्याला. दोन्ही किडन्यांचं मिळून काम १०० धरलं तर डावीचा वाटा साधारण ५० हवा, तो २० वर आलेला.

मग आधीचा रिपोर्ट नॉर्मल कसा? तर पहिले दोन दिवस बाळाला लघवीच कमी तयार होते, त्यामुळे सूज असून दिसत नाही. म्हणून ही सोनोग्राफी ४८ तासांनंतर, जमलं तर आठवड्याने करायची आणि नॉर्मल आली तरी महिना-दीड महिन्याने परत. (दोन्ही किडन्या सुजल्या असतील किंवा मुलाची धार न लागता थेंब थेंब होत असेल तर मात्र लगेच, तिथे लघवी बाहेर येण्याच्या मार्गात वाल्व, म्हणजे लघवी अडवणारा पडदा, असू शकतो.) हे मला ऑपरेशनच्या आदल्या रात्री सर्जनने पाच मिनिटांत समजावलं, हेच डिलिव्हरीच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर!

बऱ्याच बाळांची सूज आपोआप उतरते हे मान्य, पण कुणाची उतरली हे बघितल्याशिवाय कसं कळणार?

साहेब, २०१३ ला आपल्या पालघरमधूनच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या जन्मजात दोषांच्या यादीत दुभंगलेला ओठ आहे, वाकडं पाऊल आहे, हृदयाचा दोष आहे, किडनीची सूज नाही. ती वरून दिसत पण नाही, आशाताई घरी येऊन वजन करून जाते, तिला कळणार कसं, कारण सुजेचा कागद आईच्या फाइलमध्ये आणि बाळाचं कार्ड कोरं.

तर मागणी एवढीच. गरोदरपणात किडनीला सूज दिसली असेल तर ती बाळाच्या कार्डावर लिहायची आणि खाली पुढच्या दोन सोनोग्राफींच्या तारखा टाकायच्या. मशीन जिल्हा रुग्णालयात आहेच, तालुक्याहून येणाऱ्याला त्या तारखेला नंबर मिळेल एवढं बघा.

आपला,
एका भाचीचा मामा