परवानगी येईपर्यंत भिंत उभी राहील का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमचा वाडा शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत आहे. बोळाकडची भिंत खाली घडीव दगडाच्या जोत्याची, वर भाजक्या विटांची आणि चुन्याची. तिच्यावर सागवानी सज्जा आहे. गेल्या पावसाळ्यात सज्जाखालच्या दोन तुळयांची टोके कुजली आणि भिंतीला फुगवटा आला. तेव्हापासून आमच्याकडे दोन कागद आहेत. धोकादायक बांधकामाची नोटीस सांगते, दुरुस्ती ताबडतोब करा. दुसरा कागद सांगतो, घर संरक्षित स्मारकाजवळ आहे, परवानगीशिवाय हात लावू नका.

हा नियम मोडीत काढा, असे मला म्हणायचे नाही. १७३० साली पायाभरणी झालेल्या शनिवारवाड्याच्या अंगणात उंच इमारती नकोत, हे आम्हा पेठेतल्या लोकांना कुणी शिकवायला नको. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरले. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम केले तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मात्र १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची डागडुजी करता येते, त्यासाठी अर्ज करायचा. आमचे घर त्याआधीचे आहे हे दाखवायला आजोबांच्या नावाची घरपट्टीची पावती ट्रंकेतून शोधून काढावी लागली. सुदैवाने सासूबाई काहीच टाकत नसत.

कायद्यात मुदतीही आहेत. सक्षम प्राधिकाऱ्याने, म्हणजे अर्ज स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याने, १५ दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत अभिप्राय द्यायचा, त्यानंतर एका महिन्यात होकार किंवा नकार कळवायचा. सगळे मिळून साडेतीन महिने. फेब्रुवारीच्या मध्यावर अर्ज दिला तर पाऊस लागायच्या आत कागद हाती यायला हवा. आमचा अर्ज मात्र दोनदा त्रुटी काढून परत आला. एकदा मोजणी नकाशावर अंतर दाखवले नव्हते, एकदा समोरच्या बाजूचे फोटो पुरेसे नव्हते. दोन्ही चुका आमच्याच होत्या, हे कबूल. पण दोन्ही एकदमच सांगितल्या असत्या तर एक ऋतू वाचला असता. प्रत्येक वेळी दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

या उशिराने काय होते ते आमच्या बोळात फिरून पाहावे. लोक घाबरून अर्जच करत नाहीत. रविवारी माणसे लावून चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापतात. मग आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, विटा आतून भुसभुशीत होतात. सागवानी खिडकी जाते, ॲल्युमिनियमची सरकती येते. जे रूप जपण्यासाठी हा सारा खटाटोप, ते असे चोरून, तुकड्यातुकड्याने जाते. चुना मळणारा गवंडी आणि कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचे छत, जाणणारा सुतार आधीच दुर्मीळ झाले आहेत. ते मिळतात तेव्हा आमच्याकडे परवानगी नसते.

माझी मागणी एवढीच आहे. स्मारकाभोवतीच्या इमारतींचे दर्शनी रूप कसे असावे, हे ठरवणाऱ्या उपविधींची तरतूद त्याच कायद्यात आहे. ते मराठीत आणि चित्रांसह आम्हाला मिळाले पाहिजेत. सज्जा कसा, कौल कोणते, रंग कोणता, हे आधी कळले तर आर्किटेक्टचा नकाशा पहिल्याच फेरीत बरोबर होईल. अर्ज दाखल करण्यापूर्वी तो तपासून घेण्याची सोय पेठेजवळच्या क्षेत्रीय कार्यालयात महिन्यातून एक दिवस तरी व्हावी. आणि ज्या घराला धोकादायक असल्याची नोटीस गेली आहे, त्याचा दुरुस्तीचा अर्ज बाकीच्यांच्या आधी घ्यावा.

सध्या भिंतीला वाशांचे टेकू दिले आहेत. बोळातून शाळेची मुले जातात, म्हणून त्या बाजूला दोरी बांधून ठेवली आहे. तिसरा अर्ज गेल्या आठवड्यात दाखल केला.

आपली,
एक वाचक, शनिवार पेठ, पुणे