महिन्याचे खडे सराफांनी ठरवलेत, ऋषीमुनींनी नाही

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही 'तुमच्या महिन्याचा लकी स्टोन' म्हणून अख्खं रंगीत पान छापलं आणि वर लिहून टाकलं की ही हजारो वर्षांची प्राचीन परंपरा आहे. ते पान इकडे असं फिरलं की विचारू नका, गावातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो, आणि मंडईत अंगठ्यावाल्याने तेच पान लॅमिनेशन करून दुकानावर लटकवलेलं. म्हणून लिहितोय.

प्राचीन आहे, पण कोणाची ते तर सांगा. बायबलमध्ये आरोन नावाच्या पुरोहिताच्या छातीवरच्या पट्ट्यात बारा खडे आहेत आणि पहिल्या शतकात जोसेफस नावाच्या इतिहासकाराने ते बारा महिन्यांशी जोडले, इथपर्यंत जुनं आहे, मान्य. पण जन्माच्या महिन्याचा खडा घालायची पद्धत १८व्या शतकात पोलंडकडे सुरू झाली असं कुंझ या अमेरिकन रत्नतज्ज्ञाने लिहून ठेवलंय. आणि तुम्ही छापलेली यादी, जानेवारीला गार्नेट म्हणजे आपला तामडा, फेब्रुवारीला जांभळा ॲमेथिस्ट वगैरे, तिचा मूळ साचा १९१२ साली अमेरिकेतल्या सराफांच्या संघटनेने पक्का केला. म्हणजे विकणाऱ्यांनीच. १९५२ मध्ये त्यात नवीन खडे घातले, २००२ मध्ये डिसेंबरला टांझानाइट आला जो टांझानियात सापडलाच १९६७ मध्ये, आणि २०१६ मध्ये ऑगस्टला स्पिनेल. आता जो खडा १९६७ च्या आधी कोणाला माहीतच नव्हता तो हजारो वर्षांच्या परंपरेत कसा काय घुसला बावा?

आपल्याकडचं गणित वेगळंच आहे. आपली नवरत्नं नऊ, ती ग्रहांची, महिन्याची नाहीत. सूर्याचं माणिक, चंद्राचा मोती, मंगळाचं पोवळं, राहूचा गोमेद, असं. ते मानावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, मी स्वतः मानत नाही, पण मानणारे लोक निदान पत्रिका तरी बघतात. तुमच्या पानावर सप्टेंबरवाल्यांनी बिनधास्त नीलम घालावा म्हणून छापलंय. अहो, नीलम शनीचा! आमच्याकडे म्हातारी माणसं तो आधी काही रात्री उशीखाली ठेवतात, स्वप्नं कशी पडतात, घरात काही वाईटवंगाळ तर होत नाही ना ते बघतात आणि मगच बोटात घालतात. माझा भाचा सप्टेंबरचा, त्याने ऑनलाइन नीलमची अंगठी मागवली तर त्याच्या आजीने दोन दिवस घरात कोणाला धड जेवू दिलं नाही. मंडईतला दुकानदार तर दोन्हीकडून विकतो, महिन्याचा एक घ्या आणि राशीचा एक घ्या.

आणि त्याच पानावर ॲमेथिस्टने दारू सुटते हे कोणी लिहिलं हो? जुने ग्रीक लोक मानायचे की हा खडा जवळ असला की दारू चढत नाही, तिथून ते आलंय. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, इतकं सोपं असतं तर सरकारने घरोघरी जांभळे खडेच वाटले असते. पण त्याच पानावर शुगर आणि बीपीला खडा सुचवणं ही मात्र गमतीची गोष्ट नाही. ताईत-गंड्यासारख्या उपायांनी हे आजार बरे होतात अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे आणि डायबिटीस, ब्लडप्रेशर दोन्ही त्या यादीत आहेत.

खरं छापायला पाहिजे होतं ते हे, की हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा असतो, खड्याचा नाही. धानाचे चुकारे हातात आले की लोक अंगठी घ्यायला निघतात आणि तो शिक्का दाखवून खडापण असली म्हणून गळ्यात मारतात. माणिक १९०२ पासून कारखान्यात बनतंय, ते निदान टिकतं तरी. पण हलक्या माणकाच्या भेगांत शिशाची काच भरून जे विकतात ते लिंबाच्या रसानेही खराब होतं, म्हणजे लोणचं घालायला बसलेल्या बाईच्या बोटातच त्याची वाट लागणार. म्हणून खड्याचं लॅब सर्टिफिकेट वेगळं मागा, वजन बिलावर रत्तीत नको, कॅरेटमध्ये लिहून घ्या (एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, जगात कुठेही जा), आणि शक्यतो कोंदण मागून उघडं असलेली अंगठी घ्या, बंद कोंदणात खड्याखाली चमकीचा पत्रा लावला तर साधी काचही झगमगते. आवडला म्हणून खडा घ्यायला माझी ना नाही, तामड्याचा लाल रंग मलाही आवडतो, फक्त पैसे कशाचे मोजतोय ते माहीत पाहिजे.

आणखी एक. एप्रिलच्या हिऱ्याखाली तुम्ही आफ्रिकेच्या खाणीचा फोटो लावला. आमच्या आरमोरी तालुक्यात वैरागड आहे, तिथल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अकबराच्या काळातल्या ऐन-ए-अकबरीत आहे. किल्ला अजून उभा आहे. तुमच्या इथल्या बातमीदाराला एकदा तिकडे पाठवा आणि त्यावर पान करा. आणि लकी स्टोनचं ते पान जर कोण्या दुकानाने पैसे देऊन छापून घेतलं असेल तर पुढच्या वेळी वर ठळक अक्षरात 'जाहिरात' लिहा.

आपला एक नियमित वाचक,
ता. आरमोरी, जि. गडचिरोली